दुसरीतला भुऱ्या

मी पदवीधर झालो तो देवराममामामुळे. आमच्या घराण्यातला पहिला. आणि त्याच मामाचा कुत्रा, भुऱ्या, सलग तिसऱ्या वर्षी दुसरीत बसला होता.

धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "देवरामभाऊ, कुत्रा कसा शे?" की मामा गंभीरपणे म्हणायचा, "दुसरीमा शे. गणित कच्चं शे."

स्वतः तो शाळेत गेला नव्हता, पण भुऱ्याचे वर्ग त्यानं ठरवले होते. पहिलीत नुसतं बसायचं. पिल्लू कोकरांबरोबर एकाच जाळीच्या कुंपणात निजायचं. कोकरू अंगावरून उडी मारून गेलं तरी उठायचं नाही. दुसरीत मेंढ्यांच्या कळपाच्या कडेनं चालायचं. तिसरीत भरकटलेली मेंढी परत आणायची, न भुंकता, न चावता. मामा शिकवायचा तोही न बोलता, फक्त तळहाताच्या खुणेनं.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामाकडे राहायला आलो. कळपाच्या पुढे मामा, मागे मी. एक दिवस त्यानं मला वसतिगृहात नेऊन सोडलं. "तू शाळामा जाय. मांगे बी मीच धावसू," म्हणाला. मग कितीतरी वर्षं तो दोन्ही टोकांना पळाला. छाती दुखू लागली तेव्हा कुठे त्यानं हे पिल्लू आणलं.

डॉक्टरांनी लांबचं चालणं बंद करायला सांगितलं. मामीनं ठरवून टाकलं : कुत्रा तयार झाला की कळप किसननं, म्हणजे त्यांच्या मुलानं न्यायचा, मामानं घरी बसायचं. त्यानंतर भुऱ्या दर वर्षी नापास.

"लोकेसना पोरे बी. ए. व्हई ग्यात," मामी टोमणा मारायची, "तुम्हना कुत्रा कवय तिसरीमा जाई?"

"त्याले डोकंच नही, मी काय करू?"

गेल्या दिवाळीला मी गेलो होतो. पाणी भरून परतताना बांधावरून पाहिलं, तीन मेंढ्या कापसात शिरत होत्या. मामानं जागचं न हलता डावा तळहात वळवला. भुऱ्या लांबून वळसा घालून गेला आणि तिघींना गुमान घेऊन आला. मामानं त्याचं तोंड छातीशी धरलं. "हुशार शे रे मन्हा बच्चा. पन कोनले सांगू नको."

मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतो.

जेवताना मी सगळ्यांसमोर कौतुकानं सांगितलं, "मामा, तुमचा भुऱ्या तिसरी पास आहे! मी डोळ्यांनी पाहिलं."

मामाचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "तू शिकेल शे. तू सांगस ते खरं."

आठ दिवसांत किसन कळप घेऊन निघाला. भुऱ्या थांबून थांबून मागे बघत होता. मामानं दोन्ही हात पाठीमागे धरले. हात दिसला असता तर कुत्रा परत आला असता. तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते.

फोनवर मामा फक्त "हां" म्हणतो. म्हणून धुळ्याहून पत्र टाकलं. ते मामीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक होतं.

"ति. मामास सा. नमस्कार.

भुऱ्याची परीक्षा मी नीट घेतली नाही. त्याला सगळं येतं, हे खरं. पण तो तुमच्या हाताकडे बघून करतो. किसनच्या हाताकडे बघून करतो का, हे मी पाहिलंच नाही. किसनला हात कसा वळवायचा ते अजून कुणी शिकवलेलं नाही. ते तुमच्याशिवाय कोण शिकवणार?

मामी, मी डॉक्टरांना विचारलं. चालायला मनाई आहे. मेंढ्यांजवळ खाट टाकून बसायला नाही.

कळप खांडबारा गावाच्या अलीकडे आहे, असं किसन फोनवर म्हणाला. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. मामाचं अंथरूण बांधून ठेवा.

तुमचा भाचा."