आधी डोळा, मग बांगडा

रत्नागिरीच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक मासा तपासतं. यमूमावशीकडे मासळीवालीच गिऱ्हाईक तपासते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बांगड्याचा कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघत होतो. तेवढ्यात खवले चिकटलेलं एक बोट माझ्या डोळ्याखाली आलं आणि पापणी खाली ओढली गेली.

"रक्त जरा कमी हाय, मास्तर. पण डोळा पांढरा हाय. घ्या बांगडे."

मी शाळेत मराठी शिकवतो, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. पण डोळा बघितल्याशिवाय मासा द्यायचा नाही, हा तिचा कायदा. डोळा पिवळा दिसला की ती टोपलीवर फडकं ओढायची आणि म्हणायची, "जा, आधी बिलूबाई मोजून ये."

बिलूबाई म्हणजे बिलिरुबीन. हा शब्द तिला बाजाराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून मिळाला. डॉक्टरांना पापलेट लागायचं आणि मावशीला माहिती. पापलेट साफ होईपर्यंत त्यांची सुटका नसे.

"काविळीत लिवर बिघडतं कशानं, वो?" तिने एकदा विचारलं.

"विषाणू लिव्हरच्या पेशींत लपतो. आपल्याच शरीराची फौज त्याला मारायला जाते आणि त्या पेशीही मारते."

मावशीची सुरी थांबली. "म्हंजे चोर शिरला म्हणून पोलिसांनी घरच पाडलं?"

"अगदी तसंच."

त्या दिवसापासून मावशीने जगातल्या सगळ्या रोगांची वाटणी केली. काही चोरवाले, काही पोलीसवाले. आमच्या शाळेतल्या सावंत मॅडमची बोटं सकाळी आखडायची. मावशीने ती कोळंबीसारखी उलटीपालटी करून पाहिली.

"दोनी हात सारखेच सुजलेत. मॅडम, तुमच्याकडं चोर नायच. पोलीस येडे झालेत!"

मॅडम तरातरा निघून गेल्या. पंधरा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, तर खरंच तसला संधिवात, शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली. आता त्या दर रविवारी कोळंबी तिच्याकडूनच घेतात.

मे महिन्यात मात्र घोटाळा झाला. ऊन लागतं म्हणून मावशीने डोक्यावर नवीकोरी पिवळी ताडपत्री बांधली आणि त्या सकाळी बाजारात काविळीची साथ आली. दहा वाजेपर्यंत तिने अकरा माणसं दवाखान्यात पाठवली. कोल्हापूरहून नुकतेच बदलून आलेले एक बँक मॅनेजर तर रिक्षातून घरी फोन करून बायकोची क्षमा मागत होते. कसली, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी डॉक्टर स्वतः धावत आले. मावशी त्यांची पापणी ओढून किंचाळली, "अरे देवा, डॉक्टर, तुमी पण?"

डॉक्टरांनी नुसतं वर बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री निळी होती.

म्हणूनच डिसेंबरात ती मला "मास्तर, बिलूबाई!" म्हणाली तेव्हा मी हसलो.

"ताडपत्री असेल, मावशी."

"निळ्याखाली माणूस पिवळा दिसत नाय. लघवी कशी होते?"

भर बाजारात! मागची चार माणसं उत्तरासाठी पुढे सरकली.

"चहासारखी," मी पुटपुटलो.

टोपलीवर फडकं आलं. रक्त तपासलं, तर 'ए' प्रकारची कावीळ. महिन्यापूर्वी गुहागरला मेहुण्याच्या हळदीला बर्फ घातलेलं सरबत चार ग्लास प्यायलो होतो.

मग मावशी रोज दुपारी बाजार उरकून आमच्याकडे यायला लागली. टोपली अंगणात ठेवायची, साबणाने हात धुवायची, माझा डोळा बघायची आणि जायची. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा माझी बायको वैतागली होती. "सकाळपासून तीनदा करून दिलं. पेज केली, मऊ भात केला. हे तोंड फिरवतात! नाटकं नुसती!"

"त्यांच्यावर वरडू नको गो," मावशी म्हणाली. इतक्या हळू बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं.

ती उंबऱ्याशी टेकली. तिचा नवरा दत्ताराम बोटीवर खलाशी होता, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"पंधरा दिसांनी घरी आला. मी सुरमईचं कालवण केलं. तर म्हणतो, नको. मला वाटलं, भायेर खाऊन आला. आला माझा राग. दोन दिस अबोला धरला. तोंडाकडं बगितलंच नाय त्याच्या. तिसऱ्या दिशी शेजारीण म्हणाली, अगो यमू, घोवाचे डोळे बघ तुझ्या."

तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

"जुनी 'बी' कावीळ. लिवर सगळं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिसांनी काय फरक पडला नसता. नसंल पडला. पण ते दोन दिस बोलले तरी असते ना मी त्याच्याशी."

मग बायकोने विचारलं, "मावशी, जेवलात?"

"घरी जाऊन टाकीन कायतरी पोटात."

"घरी कोण आहे?"

"कोण असणार?"

बायकोने एका वाटीत पेज वाढून तिच्या हातात दिली. मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय गो ही पेज! मीठ नाय, चव नाय." वाटी रिकामी करून तिने पुढे धरली. "वाढ अजून."

मीही माझी वाटी उचलली.