दौलतकाकाजींची मोजणी

तुमच्या नव्या कोऱ्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर कोणी पेन्सिलीनं नायिकेच्या घराचा नकाशा काढला, त्यावर उत्तर दिशेचा बाण दाखवला आणि खाली लिहिलं, "पान ४० वर खिडकी पूर्वेस, पान ११२ वर तीच खिडकी पश्चिमेस. सबब घर अमान्य," तर तुम्ही काय कराल? मी तर सरळ ओरडले.

"अहो काकाजी, ती बिचारी त्या खिडकीत उभी राहून रडतेय! तिचं लग्न मोडलंय!"

"मोडलं असन नं. मी कुठं नाई म्हणतो?" काकाजी शांतपणे चष्मा पुसत म्हणाले. "पण कोनत्या खिडकीत रडून राह्यली, थे त ठरवा लागन आधी."

हे आमचे दौलतकाकाजी. सेलूला आमच्या घराच्या उजव्या हाताला राहतात. सगळी नोकरी त्यांनी मोजणीदार म्हणून काढली. जिल्हाभर लोकांच्या शेतांच्या बांधावरून साखळी ओढत फिरले. रिटायर झाल्यावर साखळी सरकारनं ठेवून घेतली, सवय मात्र त्यांच्यासोबत घरी पाठवून दिली. आणि घरी म्हणजे कोणाच्या? माझ्या!

त्यांना कोणतीही गोष्ट सांगा, त्यांचा पहिला प्रश्न एकच. "चतुःसीमा सांगा." म्हणजे त्या जागेच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय नि उत्तरेला काय. माझी मावशी पुलगावला दवाखान्यात भरती झाली, मी घाबरीघुबरी होऊन बॅग भरत होते, तर हे दारात उभे. "दवाखाना कोनता? रेल्वे फाटकाच्या अलीकडं का पलीकडं?" मी म्हटलं, काकाजी, मावशीला छातीत दुखतंय. तर म्हणाले, "थे डॉक्टर पाहीन. तुमी रस्ता चुकसान, थे कोन पाहीन?"

एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी निकाल दिला, "बाई, तुमच्या फ्रिजनं वाटेवर अतिक्रमण केलं आहे." तेवढ्यानं झालं नाही. आमच्या घरचे, जे मी दहादा सांगितलं तरी पंख्याचा स्क्रू आवळत नाहीत, ते लगेच उठले आणि फ्रिज भिंतीकडे सरकवला. आता त्याचं दार पूर्ण उघडत नाही. भाजीचा ट्रे काढायचा तर मला आडवं व्हावं लागतं. नवऱ्याला म्हटलं तर म्हणतात, "पण वाट मोकळी झाली नं!" तळपायाची आग मस्तकात जाते की नाही, सांगा.

हेही सगळं मी पोटात घातलं असतं. पण काकाजी माझ्या पुस्तकांत शिरले.

मी शाळेत मास्तरीण. आठवडाभर पोरांचा गलका, घरी आल्यावर चूल-भांडी, त्यात रविवारी दुपारचे दोन तास काय ते माझ्या मालकीचे. त्या दोन तासांत मी कादंबरी वाचते. नागपूरला गेले की दोन-तीन घेऊन येते. प्रेमाच्या, भुताच्या, खुनाच्या, मला सगळ्या चालतात. दोन वर्षांपूर्वी काकाजींच्या मालतीकाकू गेल्या. मुलगा पुण्याला. घरात हे एकटेच. एक दिवस आले आणि म्हणाले, "बाई, एखांदं बुक असन त देजो. वेळ जात नाई." मला वाईट वाटलं. मी दिलं. तिथंच चुकलं माझं.

माणूस कादंबरी वाचतो म्हणजे काय करतो? रडतो, हसतो, झोपी जातो. हे पट्टी घेऊन बसतात! एका भुताच्या गोष्टीत ते भूत नदीवरून निघून तीन मिनिटांत दवाखान्यात पोचतं. काकाजींनी समासात लिहिलं, "अंतर दीड मैल. अशक्य." मी म्हटलं, काकाजी, ते भूत आहे. "त भुताले पाय नाई म्हणून अंतर नाई का?" दुसऱ्या एका पुस्तकात नायक नायिकेला शेतात भेटतो. तिथं यांची नोंद, "कोणाचे शेत? परवानगी?" मी त्या पानावर डोळे पुसायला पदर हातात घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

आता त्यांचा भाऊ सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकाजींच्या पलीकडचं घर त्यांच्या धाकट्या भावाचं, शामरावांचं. आधी ते एकच घर होतं. नऊ वर्षांपूर्वी दोघा भावांनी वाटणी केली. मोजणी करायला बाहेरचा माणूस कशाला, घरचाच मोजणीदार आहे म्हणून शामरावांनीच दादाला सांगितलं, तूच मोज. दादानं मोजलं. मोजलं तर शामरावांची नवीकोरी, टाइल्स लावलेली न्हाणी दीड फूट दादाच्या हिश्श्यात निघाली. दुसऱ्या कोणी सख्ख्या भावासाठी दीड फूट गिळलं असतं. काकाजींनी कागदावर लिहिलं. शामरावांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं न्हाणी पाडली, मध्ये भिंत घातली आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दोघांच्या बायका होत्या तोवर भिंतीवरून वाटीभर झुणका, पातोडीची भाजी इकडून तिकडे जायची. मालतीकाकू गेल्या आणि तेही थांबलं. तेराव्याला शामराव आले, मांडवात एका कोपऱ्यात बसले आणि जेवून गेले. भावाशी एक शब्द नाही.

हे शामरावही माझी पुस्तकं नेतात. म्हणजे पुस्तक आधी काकाजींकडे, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून शामरावांकडे. दोघांच्या दारांत दहा पावलांचं अंतर नाही, पण पुस्तक माझ्या घरावरून वळसा घालून जाणार. शामराव भावाचं नाव घेत नाहीत. म्हणतात, "तिकडचं वाचून झालं का?" काकाजी पुस्तक परत देताना हटकून विचारतात, "आता तिकडं जाईन नं हे?" मी यांची टपालवाली आहे का? असं मी घरी ओरडत असते, बाहेर मात्र "हो हो, जाईल" म्हणते. शेजार आहे.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी एक जाडजूड कादंबरी आणली. सुट्टीत वाचायची म्हणून वास घेऊन कपाटात ठेवली होती. काकाजींनी ती कपाटात पाहिली. "दोन दिवसांत देतो." दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, माझी सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मग पुस्तक आलं. उघडलं तर पानापानावर पेन्सिल! बाण, अंतर, चतुःसीमा. आणि शेवटच्या पानावर पुन्हा एक भला मोठा नकाशा. कादंबरीत घर एक, यांनी काढली दोन. मधोमध भिंत. खाली त्यांचं ते सरकारी मराठी, सात-आठ ओळी.

माझं डोकंच फिरलं. मी वर्गातलं खोडरबर घेतलं आणि रविवारचे माझे दोन्ही तास बसून ते पुस्तक घासलं. एकेक पान. शेवटचा नकाशा तर इतका जोर लावून खोडला की कागद फाटायला आला. त्या ओळी वाचल्या का? नाही वाचल्या. कशाला वाचू? नऊशे पानांची सुट्टी खाल्ली होती या माणसानं. पुस्तक स्वच्छ झालं आणि मला इतकं बरं वाटलं की मी ते न वाचताच शामरावांना देऊन टाकलं.

शामरावांनी ते दुसऱ्याच दिवशी परत आणलं. म्हटलं, एवढ्यात वाचलं? ते जरा घुटमळले.

"वाचलं नाई. चाळलं." मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "या वक्ती काईच लिवलं नाई त्यानं?"

"कुणी?"

"आता कोन लिवते? तब्येत बरी हाय नं त्याची?"

मी बघतच राहिले. म्हणजे हा माणूस दोन वर्षं माझ्या कादंबऱ्या वाचत नव्हता. भावाची पेन्सिल वाचत होता! मी "तब्येत ठणठणीत आहे" एवढंच म्हणाले. मीच खोडलं असं सांगायची लाज वाटली. पुढच्या पुस्तकात लिहितीलच की, असं मनाला समजावलं. खरं सांगते, त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं.

इकडे काकाजी रोज संध्याकाळी फाटकाशी यायला लागले. "दिलं नं तिकडं?" हो. "कोनत्या तारखेले दिलं?" मी तारीख सांगितली. ती त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर टिपली. मग रोजचं एकच. "काई आलं का तिकडून?" मी म्हणायची, काय येणार? "काई नाई. असंच." आठव्या दिवशी त्यांनी दाढी केलेली नव्हती. बाराव्या दिवशी मी त्यांना वाटीभर कढी दिली, तर म्हणाले, "ठेवजो. एकट्याले जेवण जात नाई." आणि ती तिथंच ठेवून गेले. मी कढी फुकट गेली म्हणूनसुद्धा चिडले, इतकी मी शहाणी.

सोळाव्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा गाळत होते तर धाड धाड आवाज यायला लागला. पळत काकाजींच्या घरी गेले. काकाजी बनियनवर, डोक्याला दुपट्टा, हातात लोखंडी सब्बल, आणि ती मधली भिंत फोडताहेत! दोन विटा पडल्या होत्या. त्या भोकातून पलीकडे शामरावांचा लाल झालेला चेहरा दिसत होता.

"कोनाले इचारून भिंत फोडून राह्यला तू?" शामराव ओरडले. नऊ वर्षांत भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"नोटीस दिलती," काकाजी म्हणाले. आवाज अगदी कचेरीतला. "सामाईक भिंतीत अडीच फूट दार काढाचं योजलं आहे. हरकत असन त पंधरा दिवसांत कळवावं. न आल्यास मंजूर समजण्यात येईन. काल मुदत संपली. हरकत आली नाई."

"कोनती नोटीस? कुठं दिली?"

"बुकात. शेवटच्या पानावर. नकाशासुद्धा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. एक इकडून, एक भोकातून. पळून जावंसं वाटलं मला. पण म्हटलं, जे आहे ते आहे.

"मी खोडली," मी म्हणाले. "सगळं पुस्तक खोडलं. मला काय माहीत? मला राग आला होता."

काकाजी ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी सब्बल हळूच भिंतीला टेकवली. "म्हंजे त्यानं वाचलंच नाई," ते स्वतःशीच म्हणाले. खाली वाकून पडलेली वीट उचलली, तिच्यावरची माती हातानं झाडली आणि ती परत भोकात बसवायला लागले. वीट बसेना.

"राहू दे थे," पलीकडून आवाज आला. "दार कायले पायजे होतं तुले?"

काकाजी वीट धरूनच उभे राहिले. "मालती गेल्यापासून घास उतरत नाई, शाम. तुह्या घरी ताटं मांडल्याचा आवाज येते मले इकडं. म्हटलं, दार असलं त..." त्यांनी विटेवरची माती पुन्हा झाडली. मग म्हणाले, "पंधरा दिवस वाट पाह्यली मी. तुही हरकत आली असती तरी चाललं असतं. चार अक्षरं त आले असते तुह्या हातचे."

 मी पदरानं तोंड पुसत होते. शामरावांच्या बायकोनं आतून काहीतरी विचारलं, त्यांनी तिला गप्प केलं.

"हाय हरकत माही," शामराव एकदम म्हणाले.

काकाजींचा चेहरा उतरला. पण माणूस कायद्याचा. "लेखी द्या लागन," ते म्हणाले.

"कागद दे मंग."

काकाजींनी पायजम्याच्या खिशातली तारखेची चिठ्ठी आणि पेन्सिल भोकातून पलीकडे दिली. शामरावांनी ती भिंतीला लावून लिहिलं. लिहिताना दोनदा थांबले, नाक ओढलं. चिठ्ठी परत आली. काकाजींनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, मीच खाली ओढून दिला. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हरकत एक. अडीच फूट दार लहान पडते, चार फूट करावे. हरकत दोन. आजपासून दोन्ही वेळचे जेवण इकडे करावे."

त्यांनी ते पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग तिथंच मातीच्या ढिगावर बसले, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली, "मंजूर," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"आता रडू नोको," शामराव पलीकडून ओरडले, "बाजूले सरक. मी इकडून फोडून राह्यलो."