हिरव्या लिंबाची हकिगत

श्रीकुलस्वामिनीचे पायीं माथा ठेवून, शके पंधराशे एकोणनव्वद, प्लवंगनाम संवत्सरी, एका राज्यात 'कच्चा लिंबू' हा शब्द कैसा जन्मास आला, ते येणेप्रमाणे.

त्या राज्यात रिवाज ऐसा की, जो कोणी नव्या कामास लागेल, मग तो माहूत असो की आचारी, त्याने गाठीस हिरवे लिंबू बांधावे, आणि ते पिवळे होई तों त्याची चूक धरू नये, आणि पक्क्यांनी त्यास हात धरोन शिकवावे. मग राणी गोजराबाईसाहेब बाळंत जाहल्या, पुत्र जाहला, नौबती झडल्या, आणि सासू आऊसाहेब हिरवे लिंबू घेऊन आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, आईपण नवे. पदरास बांधा." बाईसाहेबांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. आपण राणी, आणि माहुताच्या पोरासारखे लिंबू मिरवावे? मग कोणी न पाहतां त्यांनी कोठीतले पिकले लिंबू पदरास बांधिले.

मग काय व्हावे? पिवळी गाठ पाहोन सुईण म्हणाली, "बाईसाहेब उपजतच पक्क्या!" आणि मुजरा करून गेली, आणि दासीही गेल्या, कारण पक्क्यास शिकवणे हा तेथे अपमान. इकडे बाळराजे अंगावर पोटभर पिईनात, आणि कैसे धरावे हे बाईसाहेबांस कळेना, आणि पुसावे तर लाज. दाराआडून आऊसाहेब विचारीत, "फार रडतो का गं?" बाईसाहेब म्हणत, "हट्टी आहे, वडिलांवर गेलाय." आणि तोंड फिरवोन डोळे पुशीत. मग बारशास सरदारांच्या बायका जमल्या, पाळणा हलला, आणि बाळ रडलेच नाही. ओठ कोरडे, आवाज बसलेला. तेव्हां बाईसाहेबांनी भर सभेत गाठ सोडिली आणि बोलल्या, "आऊसाहेब, हे लिंबू खोटे. मी कच्ची आहे. माझ्या लेकराला पाजायचं कसं ते दाखवा हो."

मागे कोणी फिदीफिदी हसली, "अगंबाई, राणीच कच्चा लिंबू!" आऊसाहेबांनी तिकडे ढुंकोन पाहिले नाही. शेजारी बसल्या, बाळाची मान सुनेच्या तळहाती दिली आणि म्हणाल्या, "अशी. घाई नको. तोही नवाच आहे." आणि मग चुटुचुटु आवाज सर्व सभेने ऐकिला. बाईसाहेबांची मान लाजेने वर होईना, परंतु हात ढळला नाही.

ते हसणे राज्यभर गेले आणि पोरांनी खेळात घेतले. धाकट्या गड्यास कच्चा लिंबू म्हणतात, कोणी लाडाने लिंबूटिंबू म्हणतात. त्यावर राज्य येत नाही, आणि त्यास खेळातून काढीतही नाहीत.

तात्पर्य इतुकेच: शब्द चेष्टेचा, लाज राणीची, आणि लेकरू जगले.