पाठीवरची थाप

परीक्षक साहेबांची जीप दवाखान्याच्या फाटकातच खोकून खोकून गप्प झाली, तेव्हा नर्सबाई हेल्मेटचा पट्टा आवळत उभ्या होत्या. साहेब जीपमधून मागे येणार आणि बाई मोटारसायकलवर पुढे जाणार, असं ठरलं होतं. आता लायसन्सची परीक्षा पुढे ढकलली, की संपलंच.

त्या काळी दवाखान्याला एकच मोटारसायकल मिळाली होती. लायसन्स मिळालं तर ती बाईंची, मग लांबच्या वस्त्यांवरच्या बाळंतिणींकडे पायपीट करायला नको. नाही मिळालं तर ती कंपाउंडरची. त्याने आपल्या डब्याची पिशवी सकाळीच हँडलला अडकवून ठेवली होती.

"जीप कशाला हवी, साहेब?" कंपाउंडर गोड आवाजात म्हणाला. "बाईंच्या मागेच बसा की. काय चुकतं ते जवळून दिसेल."

साहेबांना ते पटलं. बाईंनी नवऱ्याचं हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी डोक्याला वासाचं तेल चोपडून भांग पाडला होता. त्यांनी नाक मुरडलं.

"हे घातल्याशिवाय गाडी हलणार नाही," बाई म्हणाल्या.

"परीक्षा कोणाची आहे, बाई?"

"माझीच. म्हणून तर." साहेबांनी नाइलाजाने ते डोक्यावर चढवलं.

बाईंना गाडी शिकवली होती त्यांच्या नवऱ्याने. तो शिंपी. मागे बसून तो ओरडून सूचना द्यायचा. हेल्मेटमुळे बाईंना त्यातलं अर्धंच ऐकू यायचं आणि आख्ख्या गावाला मात्र सगळं. शेवटी दोघांनी खुणा ठरवल्या. पाठीवर एक थाप म्हणजे वेग कमी, दोन म्हणजे हॉर्न, डाव्या खांद्यावर पडली तर गाडी डावीकडे घ्यायची, आणि थापांचा पाऊस पडला तर थांबून पाय जमिनीवर. "शिलाई मशीनवर मी विचार करत बसतो का?" तो म्हणायचा. "चाकावर हात पडला की सुई थांबलीच पाहिजे." बाई तशाच तयार झाल्या होत्या.

गाडी गावाबाहेर पडली. वसंताचे दिवस. जुनी पानं गळून रस्त्यावर पसरली होती आणि कडेची झाडं फुलांनी इतकी लगडली होती, की मधमाश्यांना उसंत नव्हती. त्यातल्या एकीला साहेबांच्या तेलाचा वास आला. ती दोनदा त्यांच्या कानाशी गुणगुणली आणि बाईंच्या पाठीवर जाऊन बसली. साहेबांनी भल्या मनाने तिला एक चापट मारली.

साहेबांनाही खुणा शिकवून ठेवल्या वाटतं ह्यांनी, बाईंना वाटलं, आणि त्यांनी वेग कमी केला. लगेच चाकाखाली वाळक्या पानांचा थर आला. गाडी जराही घसरली नाही.

माशी उडाली, परत बसली. दोन चापट्या. बाईंनी वळणाआधी हॉर्न दिला. माशी डाव्या खांद्यावर गेली, मागोमाग साहेबांचा हात. बाईंनी सिग्नल देऊन गाडी अगदी कडेला घेतली. तेवढ्यात माशी साहेबांच्या गालाला डसली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाईंची पाठ बडवून काढली. गाडी थांबली, पाय जमिनीवर टेकले, आणि वळणावरून कडब्याने भरलेला ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवत बाहेर आला. तो हातभर अंतरावरून निघून गेला, बाईंच्या हेल्मेटवर चार काड्या सोडून.

सुजलेल्या गालातून साहेबांनी विचारलं, "तो ट्रॅक्टर तुम्हाला दिसला कुठून?"

दिसला कुठे होता? पण खरं सांगावं तर परीक्षा जाते, आणि खोटं बोलणं बाईंना जमत नसे. "गाल चोळू नका," त्या म्हणाल्या. "चला, मलम लावायला हवं."

परतताना साहेबांनी दोन्ही हातांनी गाल धरला होता. बाईंनी वळणाआधी वेग उतरवला, हॉर्न दिला, पानांवरून गाडी सरळ आणि सावकाश काढली, एक म्हैस रस्ता ओलांडेपर्यंत थांबल्या. फाटक दिसलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या रस्त्यात पाठीवर एकही थाप पडली नव्हती. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"पास," साहेब उतरता उतरता म्हणाले. "असं सावध चालवणारं माणूस मी पाहिलं नाही."

त्यांच्या गालाला मलम कंपाउंडरलाच लावावं लागलं. त्याआधी त्याने हँडलवरची पिशवी काढली, ती बाई बघत असतानाच.

घरी जाताना शिंपी मागे बसला. पानांचं वळण आलं आणि सवयीने त्याचा हात वर गेला.

"हात खाली," बाई मागे न वळता म्हणाल्या.

हात हवेतच राहिला. उचललेला हात नुसता खाली कसा घ्यायचा? मग शिंप्याने तोच हात हलवत, रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येकाला रामराम करत, घरापर्यंतची मिरवणूक पार पाडली.