खिलारे वेशीवरून परत गेले त्याची बखर

श्रीशारदा साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी एका विद्यानगरीत जे वर्तमान घडले, ते देखिले तैसे आणि ऐकिले तैसे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव पुसो नये, आणि नगरीचेही पुसो नये.

त्या नगरीत कुलगुरू हे धनी, कुलसचिव हे त्यांचे दिवाण, आणि अध्यापक व सात हजार विद्यार्थी ही प्रजा. राज्यशास्त्राचे अध्यापक मोरेश्वर उपासनी, वय साठीस टेकलेले, अंगाने सडपातळ, बोलणे हळू. यांनी एकवीस वर्षांमागे शुक्रवारची सभा स्थापिली. भूगोल विभागामागे पत्र्याची शेड होती, तेथे दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता राजकारणावर बोलणारा कोणी पाहुणा यावा, त्याने वाटेल ते बोलावे, आणि जितका वेळ बोलिला तितकाच वेळ प्रश्न ऐकावे, ऐसा नेम. मग सत्तेतले आले, विरोधातले आले, आणि ज्यांस कोणताच झेंडा नव्हता तेही आले. एके वर्षी राज्याचे मंत्री आले आणि तासभर पाण्याच्या योजनेवर बोलिले, तेव्हा एका मुलीने उभे राहून पुसिले, "साहेब, योजना पूर्ण झाली म्हणता ते माझं गाव. नळ कुठे बसवलाय?" मंत्र्यांनी गावाचे नाव टिपून घेतले, आणि पुढील वर्षी आपण होऊन आले आणि नळ बसविला म्हणोन सांगून गेले. ऐसा त्या शेडेचा लौकिक होता, आणि दोनशे माणूस उन्हात पत्र्याखाली घाम पुशीत बसत असे.

मग आषाढमासी नवे कुलगुरू गादीवर आले. ते शांत मुद्रेचे, कोणावर आवाज न चढविणारे, आणि आल्या महिन्यातच त्यांचा हुकूम सुटला की, पाहुण्याचे नाव महिनाभर आधी कळवावे. उपासनी सर म्हणाले, "नावच तर मागतायत," आणि नाव धाडिले. श्रावणात दुसरा हुकूम जाहला की, श्रोत्यांचे प्रश्न लिहून आधी द्यावे. सर म्हणाले, "मुलं निदान विचार करून लिहितील," आणि प्रश्न धाडिले. भाद्रपदात दोन पाहुण्यांची नावे कारण न देता खोडून आली, आणि सरांनी दुसरे दोघे बोलाविले. ऐसे करिता करिता शेडेतली गर्दी ओसरली आणि चाळीस माणूस उरले, त्यांत निम्मे मोबाईल पाहत बसत.

सभेची चिटणीस त्या वर्षी सुलभा गेडाम. जंगलपट्टीतल्या लहान गावची, बाप टपाल वाटणारा, आणि त्या गावातून विद्यानगरीत आलेली ती पहिलीच. तिने सरांस विनविले की, "सर, यादवराव खिलारेंना बोलवू या. एकदा तरी खरी सभा होऊ दे." खिलारे हे वयाने एक्याऐंशी, तीस वर्षे विधानसभेत विरोधी बाकावर बसलेले, आणि आता कोणत्याच पक्षात नसलेले. सर संतोष पावले, आणि आपल्या खोलीत बसून पत्राचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला, सुलभेने लिहिला, आणि चिटणीस म्हणोन सही तिने केली. विषय 'विरोधी बाकावर बसून काय करावे' हा ठरला. परवानगी शिक्क्यानिशी आली, आणि मार्गशीर्षातला शुक्रवार नेमिला.

त्या शुक्रवारी अकरा वाजता दिवाणसाहेबांनी सरांस बोलावून घेतले, आणि बसावयास सांगून म्हणाले, "परवानगी मागे घेतली आहे."
"का?"
"तक्रार आली आहे."
"कोणाची?"
"आली आहे, सर."
"लेखी आहे का? मला दाखवा."
दिवाण हळूच म्हणाले, "तुमचे चार महिने राहिलेत. कशाला पाहताय?" तेव्हा सर उठिले, आणि वऱ्हांड्यात येऊन खिलाऱ्यांस फोन लाविला, तो लागला नाही, कारण की खिलारे सकाळी सहाच्या एसटीत बसले होते आणि घाटात होते.

अडीच वाजता खिलारे वेशीवर उतरले, खांद्यास कापडी पिशवी, पायात जुन्या वहाणा. सुलभा हार घेऊन उभी होती, आणि पहारेकऱ्यांनी फाटक आडवे केले. ती वाद घालू लागली, तोच उपासनी सर आतून चालत आले, आणि खिलाऱ्यांस नमस्कार करून म्हणाले, "यादवराव, माफ करा. आज सभा नाही."
खिलारे म्हणाले, "पाणी मिळेल का?" पहारेकऱ्यानेच आपली बाटली पुढे केली. पाणी पिऊन खिलारे म्हणाले, "सभा नाही म्हणजे तुमच्या मनात नाही, की वरच्यांच्या मनात नाही?"
तेव्हा सुलभा म्हणाली, "सर, रस्त्यापलीकडे रिक्षास्टँड आहे. ती जागा विद्यापीठाची नाही. तिथे बोलू दे त्यांना. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."
खिलारे म्हणाले, "प्राध्यापक म्हणतील तसं. त्यांना नोकरी आहे, मला नाही."
सर म्हणाले, "मी आत जातो. तुमचं तुम्ही ठरवा. मी काही पाहिलं नाही." ऐसे बोलोन मागे वळिले, आणि फाटक लागले.

मग खिलारे रिक्षास्टँडावर लिंबाखाली उभे राहून बोलिले. तीस विद्यार्थी आणि सहा रिक्षावाले जमा जाहले. ते म्हणाले, "तीस वर्षांत मी आणलेला एकही ठराव मंजूर झाला नाही. लोक म्हणायचे, मग कशाला बसता? मी म्हणायचो, हात वर करायला. सगळेच हो म्हणाले असं कोणाला लिहिता येऊ नये, एवढ्यासाठी बसलो." एका रिक्षावाल्याने पुसिले, "त्यानं आमचं काय भलं झालं?" खिलारे म्हणाले, "फार नाही झालं. खोटं कशाला सांगू?" सर्व हसले, आणि प्रश्न चालले, ते साडेचारच्या एसटीपर्यंत चालले. बहुतां दिवसांनी सुलभेच्या मुखावर हसू दिसले. आणि कोणी एकाने मोबाईलवर चित्र काढिले, ते त्याच संध्याकाळी कुलगुरूंकडे पोहोचले.

सोमवारी तिघांची चौकशी समिती बैसली, आणि आधी सरांस पाचारिले. कागद लिहून तयार होता की, निमंत्रणपत्र चिटणीस विद्यार्थिनीने माझ्या संमतीवाचून धाडिले. कुलगुरू स्वतः तेथे बसले होते, त्यांनी सरांस चहा देवविला आणि म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं सेवा केली. तुम्हाला सन्मानानं निरोप द्यायची आमची इच्छा आहे." सरांनी कागद दोन वेळा वाचिला. चहा निवून गेला. मग खिशातले पेन काढून सही केली, आणि पेनाचे टोपण तेथेच विसरून बाहेर आले.

दुसरे दिवशी सुलभेस बोलाविले आणि तो कागद पुढे ठेवून पुसिले, "हे खरं आहे का?" तिने कागद हाती घेतला, सहीवर फार वेळ नजर ठेविली, आणि म्हणाली, "सरांची सही आहे."
"ते कळतं. मजकूर खरा आहे का?"
"सरांची सही आहे," इतुकेच पुन्हा बोलिली. तेव्हा समितीने कबुली समजोन निर्णय दिधला की, एक वर्ष परीक्षेस बसू नये आणि वसतिगृहाची खोली दोन दिवसांत सोडावी.

उपासनी सर बुधवारी वसतिगृहापाशी गेले. सुलभा पेटी घेऊन पायरीवर रिक्षाची वाट पाहत होती. सर म्हणाले, "तू खरं का नाही सांगितलंस? त्या पत्राचा शब्दन्‌शब्द माझा होता."
सुलभा म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी तुम्हाला माझ्यासमोर बसवून विचारलं असतं. तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असता, तर? ते मला बघायचं नव्हतं, सर."
सरांनी पेटी उचलावयास हात घातला. ती म्हणाली, "राहू द्या, जड नाही." आणि स्वतः उचलून रिक्षात ठेविली, आणि गेली.

त्यावर सरांची झोप उडाली आणि अन्नावरली वासना गेली. पौषात त्यांनी कुलगुरूंस पत्र लिहिले की, मजकूर माझा, मुलीचा दोष नाही. त्यास दिवाणांचे उत्तर आले की, प्रकरण निकाली निघाले आहे. सुलभेच्या गावी तीन पत्रे घातली. तिसऱ्याचे उत्तर तिच्या बापाने लिहिले की, आपली पत्रे मीच घरी आणून तिच्या हाती दिली, ती वाचते आणि ठेवून देते, प्रकृतीस जपावे. माघात पत्र्याची शेड पाडिली, आणि सभा नव्या वातानुकूलित सभागृहात नेली, आणि प्रत्येक वर्गास हजेरी सक्तीची केली, म्हणोन चारशे खुर्च्या भरू लागल्या. पाहुणे दिवाणांनी नेमावे, सरांनी व्यासपीठावर बसावे, आणि अखेरीस "कोणाचे प्रश्न?" ऐसे पुसावे. कोणी उठत नसे, आणि सर आभार मानीत.

मग संवत्सर पालटले आणि चैत्रमासी सर निवृत्त जाहले. त्या शुक्रवारी सभेऐवजी निरोपसमारंभ योजिला, शाल श्रीफळ दिधले, आणि कुलगुरूंनी सरांस विचारस्वातंत्र्याचा आधारवड म्हटले, तेव्हा टाळ्या जाहल्या. सर बोलावयास उठिले. कागद आणिला होता, तो उघडिला नाही. माईक धरून, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "खिलारेंचं पत्र मी सांगितलं होतं. सुलभा गेडामनं फक्त लिहून घेतलं. मी खोट्या कागदावर सही केली." ऐसे बोलोन थांबिले, आणि समोर पाहिले. मागील रांगांस वाटले की भाषण संपले, त्यांनी टाळ्या वाजविल्या, आणि त्या ऐकोन पुढल्यांनी वाजविल्या, आणि कुलगुरूंनीही स्मितवदने वाजविल्या. लिहिणारा चौथ्या रांगेत होता, त्याने सर्व शब्द स्पष्ट ऐकिले, आणि त्यानेही वाजविल्या. सर हात वर करून थांबा म्हणो लागले, तो निरोपाचा हात समजोन सर्व उभे राहिले आणि अधिक वाजवू लागले. मग सरांनी माईक खाली ठेविला.

एणेप्रमाणे वर्तमान जाहले. सुलभा गेडाम वर्ष सरल्यावरही परतली नाही. खिलारे श्रावणात वारले. उपासनी सर बहिणीच्या गावी राहतात आणि कोठे बोलावयास जात नाहीत. सभा मोडली ऐसे मात्र नगरीत कोणी म्हणत नाही, कारण की ती दर शुक्रवारी भरते, आणि वेळेवर संपते.