दोन निरोपांमधले अंबाजी

संस्था कामसू माणसांच्या जोरावर चालतात, ही अफवा कामसू माणसांनीच पसरवलेली आहे. आबिड्सच्या एका खत महामंडळात चौऱ्याण्णव साली याचा शास्त्रशुद्ध पुरावा मिळाला.

उदारीकरण आलं होतं, म्हणजे दोन कॉम्प्युटर आले होते. एक आबिड्सला, दुसरा नामपल्लीच्या गोदामात, मधे तार. निरोप टाइप करून पाठवायचं काम अंबाजींकडे. एक निरोप गेला की ते पानाचा डबा उघडत, चुना लावत, चष्मा पुसत आणि मग दुसऱ्याकडे वळत. (सरासरी अंतर चार मिनिटं. शुक्रवारी सहा.) सहा महिन्यांत एक निरोप चुकला नाही. श्रेय यंत्राला मिळालं.

मग स्वेच्छानिवृत्तीची यादी निघाली. स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती अंबाजींची. सगळ्यात संथ म्हणून त्यांचं नाव पहिलं. नोकरीची तीन वर्षं उरलेली, आणि दिवसभर घरात बसलेला नवरा सुशीलाबाई खपवून घेणार नव्हत्या. तसं त्यांनी बजावलंही होतं.

त्यांच्या खुर्चीवर विजय आला. मिनिटाला तीन निरोप! पहिल्याच सकाळी त्यानं दोन धाडले: 'साहेबांच्या सासऱ्यांना स्टेशनवरून घरी आणावे' आणि 'चाळीस पोती खत निजामाबादच्या गोदामात उतरवावे'. नामपल्लीला तीन पोचले: 'साहेबांच्या सासऱ्यांना स्टेशनवरून', 'घरी आणावे चाळीस पोती खत', आणि 'निजामाबादच्या गोदामात उतरवावे'. नामपल्लीची माणसं आज्ञाधारक. खत साहेबांच्या दिवाणखान्यात गेलं, सासरे निजामाबादला. (रीतसर पावती घेतली.)

साहेबांनी, म्हणजे लक्ष्मणरावांनी, प्रोग्राम लिहिणाऱ्या मेधाला बोलावलं.

"सर, तार चोख आहे," मेधा म्हणाली. "अक्षर हरवलं नाही, क्रम बदलला नाही. पण निरोप कुठे संपला, हे तिला कळत नाही. एका दमात येईल तो एक निरोप, असं मीच धरून चालले. आता प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी पाठवू. तेवढी अक्षरं येईपर्यंत नामपल्लीनं थांबायचं. दुपारपर्यंत करून देते."

"मग इतके दिवस कसं चाललं?"

"अंबाजीकाका पान खात होते म्हणून."

दुपारपर्यंत होणारं काम संशयास्पद असतं. मेधाची सूचना अकरा सह्यांसाठी रवाना झाली. (अजून वाटेत आहे.) तोवर अंबाजींना कनिष्ठ विलंब अधिकारी म्हणून परत बोलावलं, पानभत्त्यासह.

"हौ साब," डोळे पुसत अंबाजी म्हणाले, "मगर काम हल्लू हल्लूच होता."

हल्ली त्यांच्या संथपणाबद्दल लोक तक्रारी करतात. तुम्हीही केली होती. ती आली तेव्हा अंबाजी रजेवर होते, विजय बसला होता. त्यानं ती घाईघाईनं धाडली आणि ती अंबाजींच्या बढतीच्या अर्जाला चिकटली. तुमच्या शिफारशीवरून बढती मंजूर झाली आहे. वरचा मजकूर त्यांचा, खालची सही तुमची.