आवृत्ती ३.० ची मार्गदर्शिका

आमच्या प्लगइनची नवी आवृत्ती निघाली की माझी बायको वृंदा एक गोष्ट विसरते.

प्लगइनचं नाव 'तारीख'. मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर ते बसवलं की हॉल कुठल्या दिवशी मोकळा आहे ते दिसतं. ते फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे आणि मिरजेतल्या दोन खोल्यांतून आम्ही दोघं ते सांभाळतो. मी लिहितो, ती तपासते. प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी जाते आणि तिच्या तळाशी 'काढून टाकले' अशी एक ओळ आपोआप उमटते. २.४ ला तिथे 'पोहणे' आलं आणि वृंदा पोहायचं विसरली. २.५ ला कारल्याची भाजी गेली. त्याचं मला दुःख झालं नाही, खोटं कशाला बोलू? २.७ ला तिचा धाकटा मामा गेला. मामा कुपवाडला ठणठणीत आहे, पण दारात आला की ती त्याला "कोण हवंय आपल्याला?" असं विचारते. तेव्हापासून नवी आवृत्ती मी होईल तितकी लांबवतो.

मार्चमध्ये सोलापूरच्या गफूर शेखचा फोन आला. आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही, पण सहा वर्षं तो हौसेने चुका शोधून देतो.

"दादा, मोठं भोक सापडलंय. बुकिंग करणाऱ्या मुलींच्या घरचे पत्ते कुणालाही दिसतायत. एकीच्या दारात कोणतरी माणूस येऊन उभा राहिला होता."

"२.८ मध्ये बुजेल?"

"नाही ओ. पायाच बदलायला लागतोय. ३.० काढा. आणि वहिनींना सांभाळा."

मी यादी तयार केली. तळाशी उमटलं: 'काढून टाकले: लग्न व त्यानंतरचे.'

वृंदाने ओळ दोनदा वाचली.

"३.० नाही काढायची," मी म्हणालो. "खड्ड्यात गेले ते हॉल."

"आणि त्या मुली? निरंजन, मलाही भीती वाटतेय. पण काढायची. मोठ्या आवृत्तीबरोबर आपण लोकांना मार्गदर्शिका देतो ना? मलाही दे. विसरून उठेल त्या बाईला काहीच माहीत नाही, असं धरून लिही."

चार दिवस मी लिहीत होतो. डावा बर्नर काडीनेच पेटतो. पाणी सातला येतं. गुडघ्याची गोळी जेवणानंतर. प्रत्येक पायरी ती स्वतः करून बघायची आणि खूण करायची. एकदा खूण करता करता तिचा हात थांबला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मीही रडलो. मग आम्ही पुढची पायरी घेतली.

शनिवारी दुपारी ३.० प्रसिद्ध करायचं बटण तिनेच दाबलं, माझ्याच्याने होईना. मग मार्गदर्शिका उशाशी घेऊन ती आडवी झाली.

चारला उठली. पानं वाचत स्वयंपाकघरात गेली, काडीने बर्नर पेटवला, चहा केला. सगळं बिनचूक. मला अभिमान वाटला. मग तिला मी दिसलो. तिने ओट्यावरची सांडशी उचलली.

"तुम्ही कोण?"

"पान उलटून बघ," मी म्हणालो, आणि मग माझ्या लक्षात आलं. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने तिच्यात स्वतःबद्दल लिहायचं नसतं, ही माझी बारा वर्षांची सवय. एकवीस पानांत मी कुठेच नव्हतो. वृंदालाही तो दोष सापडला नव्हता, कारण ती तपासायची तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेला असायचो.

ती आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. पाच मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर तक्रार आली, मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर दिलेल्या आमच्या नमुन्यात.

'अपेक्षित: घरात मी एकटी. प्रत्यक्षात: बाहेर एक अनोळखी पुरुष. रडतो आहे. तातडी: सर्वाधिक.'

नियमाप्रमाणे दोष पुन्हा घडतो का ते आधी बघावं लागतं. मी दारावर हळूच टकटक केली.

"कोण आहे?" आतून तिचा घाबरलेला आवाज आला.

मी जागेवर येऊन बसलो आणि उत्तर लिहिलं: 'दोष खरा आहे. ३.० मुळे झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. पुढच्या आवृत्तीत हा पुरुष दिसणार नाही.'